भाईंदरात बेकार मिळेना

कांद्यापोह्यांची बशी हातात आली. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, शेजारी बुंदीचा लाडू. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सर्व्हेला आलेल्या बाईला भाईंदर पूर्वेत कोणी पाणीसुद्धा विचारायचं नाही. दार अर्धवट उघडायचं, साखळी तशीच ठेवून बोलायचं आणि "साहेब घरात नाहीत" म्हणून लावून घ्यायचं, हा तिथला शिरस्ता. इथे मात्र नवीन चादर घातलेल्या पलंगावर मला बसवलं होतं, पंखा माझ्याकडे वळवला होता आणि घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

मला वाटलं, चांगली माणसं आहेत. मी लाडू फोडला.

मी तेव्हा सरकारच्या आकडेवारी गोळा करणाऱ्या खात्यात अन्वेषक होते. अन्वेषक म्हणजे दारोदार फिरून प्रश्न विचारणारा माणूस. ऑफिस ठाण्याला होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि आमच्याकडे रोजगार-बेरोजगारीचा सर्व्हे चालू होता. मीरा-भाईंदर वाढत होतं. रोज कुठेतरी नवीन बिल्डिंग उभी राहायची आणि मुंबईतून माणसं येऊन भरायची. त्यामुळे तिथे काम किती जणांना आहे आणि किती जणांना नाही, हे सरकारला कळायला हवं होतं.

हे काम ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक गोम आहे. आम्ही माणसं तीन कप्प्यांत टाकायचो. काम करणारा पहिल्या कप्प्यात. ज्याला काम नाही, पण जो ते शोधतोय आणि मिळालं तर उद्यापासून जायला तयार आहे, तो दुसऱ्या. हा झाला बेकार. आणि ज्याला काम नाही आणि नकोही आहे, तो तिसऱ्या. शाळेतली पोरं, म्हातारी माणसं आणि घर सांभाळणाऱ्या बायका या तिसऱ्यात जायच्या. शिवाय नियम असा, की गेल्या सात दिवसांत एक तास जरी माणसाने कमाईचं काम केलं असेल, तरी तो पहिल्या कप्प्यात. त्याला बेकार म्हणायचं नाही.

भाईंदरचं पहिलं काम माझ्याआधीच्या अन्वेषकाने केलं होतं. तो दुसऱ्या खात्यात गेला आणि त्याचा गठ्ठा माझ्याकडे आला. त्या गठ्ठ्यात बेकार जवळजवळ नव्हतेच.

आमचे अधिकारी पेंडसे साहेब. सडपातळ, करड्या आवाजाचे, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी मला बोलावलं आणि गठ्ठा पुढे सरकवला. म्हणाले, मुंबईत गिरण्या बंद पडल्या, मीरा रोडच्या फॅक्टऱ्यांचे मालक मशिनी ट्रकमध्ये भरून सिल्व्हासाला चाललेत, आणि तुमच्या भाईंदरात सगळे कामाला?

मी म्हटलं, साहेब, भाईंदर माझं नाही.

"आता तुमचंच," ते म्हणाले. "पुन्हा जा. बेकार घेऊन या."

हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. मी प्रोबेशनवर होते. माझा कायम होण्याचा कागद त्यांच्याच सहीने पुढे जाणार होता.

म्हणून मी पुन्हा भाईंदरला फिरायला लागले. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की आधीचा अन्वेषक खोटारडा नव्हता. लोकच कोणी बेकार आहे म्हणून सांगत नव्हते. एका घरातला मुलगा "बिझनेस"मध्ये होता. कसला बिझनेस विचारलं तर बाप म्हणाला, "अजून ठरायचंय." एक गुजराती काका म्हणाले, छोकरा शेअर बाजारात आहे. छोकरा समोरच बसून पेपरातले शेअरचे भाव वाचत होता, तेवढाच त्याचा बाजाराशी संबंध. एकाचा भाऊ "लाइनमध्ये" होता. ती कोणती लाइन, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बायकांचं उलटं. "मी काय, घरीच असते," असं सांगताना त्यांचे हात मण्यांच्या माळा ओवत असायचे. भाईंदरला इमिटेशन ज्वेलरीचं काम घरोघरी चालतं. व्यापारी सुटे मणी, खडे, साखळ्या देतो, बाया घरी बसून दागिने जुळवतात. मी विचारायचे, हे काय करताय? तर म्हणायच्या, "हे होय? हे असंच, टाइमपास."

थोडक्यात, काम नसलेले पुरुष काम आहे म्हणत होते आणि काम असलेल्या बायका काम नाही म्हणत होत्या. खरं सांगायला कोणाची काही हरकत नव्हती, फक्त ते स्वतःबद्दल नको होतं. शेजारी बेकार आहे हे प्रत्येकाला माहीत होतं.

मी पेंडसे साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, रविवारी मी स्वतः येतो, बघू. रविवारी पुरुष घरी सापडतात म्हणून आम्ही तो दिवस धरला. त्यांनी मला आणखी एक सूचना दिली. दारात गेल्या गेल्या सरकार, बेरोजगारी असले शब्द काढू नका, लोक बिचकतात. ठाण्याहून आलेय, थोडं विचारायचंय, एवढंच म्हणा. ओळखपत्र नंतर दाखवा.

मी तसंच केलं. आणि म्हणून मी जाधवांच्या घरी पोहे खात बसले होते.

जाधव कुटुंब मूळचं मंडणगडकडचं. वडील रेल्वेतून रिटायर झालेले. आई, थोरला मुलगा, त्याची बायको संगीता आणि धाकटा मिलिंद. थोरला ड्रायव्हर होता, रविवारीही ड्युटीवर गेलेला. मी बेल वाजवली तेव्हा आईंनी दार पूर्ण उघडलं, हात जोडून "जयभीम" म्हणाल्या. मी परभणीची, आमच्याही घरात तीच रीत. मीही सवयीने जयभीम केला.

"ठाण्याहून ना?" आईंनी विचारलं.

"हो, ठाण्याहून. थोडं विचारायचं होतं."

"विचारा की. त्यासाठीच तर आलात. एकट्याच आलात? बाकीची मंडळी?"

मी म्हटलं, साहेब येतायत मागून, स्टेशनला उतरले असतील. आईंनी आत वळून वडिलांना सांगितलं, साहेब पण येतायत. वडील घाईघाईने शर्ट बदलायला गेले.

मी प्रश्न सुरू केले. धाकट्या मुलाचं नाव, वय, शिक्षण. काय काम करतो? वडील म्हणाले, मीरा रोडला कंपनीत सुपरवायझर आहे, औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवतात. मी विचारलं, कायम की टेंपररी? कायम. पगारी की रोजावर? पगारी. गेल्या आठवड्यात किती दिवस कामाला गेला? इथे वडील थबकले. म्हणाले, रोजच जातो, आता रविवार म्हणून घरी. मिलिंद भिंतीला टेकून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. मला वाटलं, बेकार नाही तर एवढा घाम का येतोय?

मग मी नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला. सध्या दुसरं काम शोधतोय का? आई थोड्या दुखावल्या. "ज्याचं चांगलं चाललंय तो शोधील कशाला?"

मी संगीताकडे वळून विचारलं, आणि या? आई पटकन म्हणाल्या, ती काही करत नाही, घरीच असते. संगीताने पायाने एक प्लास्टिकची पिशवी पलंगाखाली सरकवली. आत मणी खळखळले. मी "घरकाम" लिहिलं.

तेवढ्यात पेंडसे साहेब आले. त्यांचं स्वागत माझ्याहून थाटात झालं. वडिलांनी त्यांना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं, आईंनी पदर सावरून पाणी आणलं, मिलिंद त्यांच्या पाया पडला. साहेबांना आयुष्यात सर्व्हेच्या घरात कोणी नमस्कार केला नव्हता. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, तुम्ही लोकांशी फार चांगलं जमवलंय. मी मान डोलावली. मलाही तसंच वाटत होतं.

मग साहेबांनी घसा साफ केला आणि सरळ विषयाला हात घातला. "हे बघा, मी स्पष्टच बोलतो. आधी तुमच्याकडून जी माहिती मिळाली, ती बरोबर वाटत नाही. म्हणून मी स्वतः आलोय. मुलाच्या कामाचं खरं काय ते सांगा. खरं सांगितल्याने तुमचं काही नुकसान होणार नाही."

वडिलांनी आईंकडे बघितलं, आईंनी मिलिंदकडे. वडील खाली बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्हाला कोणी सांगितलं?"

साहेब म्हणाले, कोणी नाही, आमचा अनुभव आहे.

वडिलांचा धीर सुटला. कंपनी दिवाळीच्या आधीच बंद झाली, मालकाने मशिनी सिल्व्हासाला नेल्या, तिथे टॅक्स नाही म्हणे. मिलिंद सुपरवायझर होता हे खरं, पण आता काम नाही. रोज शोधतोय, मिळत नाही. आम्ही लपवायला नको होतं, पण काय करणार, पोराचं वय चाललंय. एवढं सांगून त्यांनी हात जोडले.

"म्हणजे बेकार आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो, साहेब."

"शोधतोय, आणि मिळालं तर उद्या जायला तयार आहे?"

"आज जाईल."

पेंडसे साहेबांच्या चेहऱ्यावर मी तेवढा आनंद नंतर त्यांच्या प्रमोशनलाही बघितला नाही. "वा," ते म्हणाले. "फार छान. अगदी असाच हवा होता." आणि त्यांनी स्वतःहून पोह्यांची बशी उचलली.

आईंनी डोळ्याला लावलेला पदर तसाच राहिला. वडील साहेबांकडे बघतच बसले. मिलिंद पलंगाच्या कडेला टेकला. आई भानावर येऊन म्हणाल्या, "म्हणजे तुमची काही हरकत नाही?"

"हरकत? आम्ही महिनाभर शोधतोय," साहेब म्हणाले.

आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माझ्याजवळ येऊन माझा हात धरून म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं भेटायला नशीब लागतं. मग संगीताला म्हणाल्या, साखर आण. आणि मला विचारलं, मुलगी काय म्हणते?

"कोणती मुलगी?" मी म्हटलं.

बेल वाजली.

दारात एक जाडसर गृहस्थ, त्यांच्यामागे एक वयस्कर बाई आणि पंजाबी ड्रेसमधली एक तरुण मुलगी उभी होती. गृहस्थ म्हणाले, जयभीम, आम्ही ठाण्याहून आलोय, उशीर झाला, माफ करा. मुलगी आज येणार नव्हती, आधी आम्हीच घर बघणार होतो, पण वंदना ऐकेना.

मग मला सगळं एकदम कळलं. गावच्या कुठल्यातरी पाहुण्याने फोटो दाखवून स्थळ जुळवलं होतं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना बघितलंच नव्हतं. मध्यस्थाने एवढंच सांगितलं होतं, की मुलीचे वडील ऑफिसात साहेब आहेत. मी मुलीची आत्या ठरले होते आणि पेंडसे साहेब मुलीचा बाप.

आईंनी माझा हात सोडला. "मग तुम्ही कोण?"

मी ओळखपत्र काढलं. ते तासभर आधी काढायला हवं होतं. सरकारी शिक्का बघून मुलीचे वडील, कांबळे, दारातच थांबले. विचारलं, चौकशी आहे का कसली? त्यांची धास्ती घालवायला पेंडसे साहेब उठून म्हणाले, छे छे, घाबरण्यासारखं काही नाही, साधा बेरोजगारीचा सर्व्हे आहे.

"बेरोजगारीचा?" कांबळे म्हणाले. "इथे कोण बेरोजगार आहे?"

आता आमच्या खात्याचा एक कडक नियम आहे. घरात मिळालेली माहिती बाहेरच्या कोणालाही द्यायची नाही. पेंडसे साहेब नियमाचे पक्के. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "ते आम्हाला सांगता येत नाही. गोपनीय आहे."

याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. कांबळ्यांनी खोलीतल्या एकेकाकडे बघितलं. वडील रिटायर, थोरला ड्युटीवर. उरला कोण, हे सांगायची गरज नव्हती. त्यांच्याबरोबरच्या वयस्कर बाईंनी, म्हणजे खऱ्या आत्याबाईंनी, काढलेल्या चपलेत परत पाय घातला.

मिलिंद पलंगावरून उठला.

"मी बेकार आहे," तो म्हणाला. "कंपनी बंद पडली. घरच्यांनी सांगितलं नाही, मीही लपवू दिलं. चूक आमची आहे. पोहे खाऊन जा, एवढंच म्हणतो."

उत्तर दिलं ते वंदनाने. ती ठाण्यात टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची, हे मला नंतर कळलं. ती दारातून आत आली आणि शांतपणे म्हणाली, "मग दिवसभर करता काय?"

मला हे कबूल करायला हवं, की मीही तोच प्रश्न विचारणार होते. आमच्या फॉर्मचा पुढचा भाग तोच असतो, गेल्या सात दिवसांतल्या प्रत्येक दिवशी काय केलं. मी हळूच मिलिंदला म्हटलं, तुम्ही म्हणाल तर आपण आत बसून लिहू. तो म्हणाला, आता आत कशाला, इथेच लिहा.

तो सांगू लागला. सोमवारी वहिनीचा तयार माल व्यापाऱ्याकडे पोचवला, नवीन मणी आणले. मंगळवारी अंधेरीला दोन कंपन्यांत काम विचारून आलो. बुधवारी समोरच्या बिल्डिंगमध्ये टीव्हीच्या अँटेना बसवल्या. गुरुवारी केबलवाल्याची वायर गच्चीवरून ओढून दिली, तो मध्येमध्ये बोलावतो.

"पैसे देतो?" मी विचारलं.

"देतो. अँटेनाचेही मिळतात. पण ते काय काम म्हणायचं? ते असंच."

मी पेन थांबवलं. मला फार वाईट वाटलं, पण नियम तो नियम. "साहेब," मी पेंडसे साहेबांना म्हटलं, "हे पहिल्या कप्प्यात जातायत."

साहेबांच्या हातातली बशी खाली आली. ते म्हणाले, तासभर तरी झालं असेल का? मिलिंद म्हणाला, बुधवारी सबंध दिवस गेला. साहेब म्हणाले, नीट आठवून बघा. मिलिंदने नीट आठवून सांगितलं की गुरुवारीही अर्धा दिवस गेला. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच त्याला गच्चीवर चढवलं होतं.

कांबळ्यांना काही कळेना. त्यांनी मला विचारलं, म्हणजे काय? मी मिलिंदकडे बघितलं, त्याने होकारार्थी मान हलवली, तेव्हा मी सांगितलं. आमच्या हिशेबाने हे बेकार नाहीत. काम आहे. कायम नाही, पण आहे.

"सरकारी हिशेबाने?"

"सरकारी हिशेबाने."

कांबळ्यांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी चप्पल काढली, पण अजून दाराजवळच. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून संगीता म्हणाली, "मॅडम, माझं काय लिहिलंत?"

मी म्हटलं, घरकाम.

ती बाहेर आली, वाकली, पलंगाखालची पिशवी ओढून सगळ्यांच्या मध्ये ठेवली. हार, बांगड्या, कानातले, पुठ्ठ्यावर टाचलेले, व्यापाऱ्याकडे जायला तयार. "हे घरकाम आहे? दिवाळीपासून घरातला किराणा यावर येतोय. भावजींना नवीन शर्ट यावर आला. सासूबाईंना विचारलंत, मग मला का नाही विचारलं?"

आई खाली बघत होत्या. मी खोडून पुन्हा लिहिलं. वंदना पिशवीजवळ बसली, एक हार उचलून उजेडात धरला आणि संगीताला विचारू लागली, हे खडे चिकटवता कशाने? मग त्या दोघी तिथेच जमिनीवर बसल्या. कोणीतरी पोहे आणले. पेंडसे साहेब आणि मी उठलो, कोणी आम्हाला थांबा म्हणालं नाही.

त्या दिवशी कांबळ्यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. वर्षभर ते थांबले. दरम्यान भाईंदरात केबलचं पेव फुटलं. मिलिंद आधी केबलवाल्याकडे कायम झाला, मग त्याचा पार्टनर झाला. लग्न भाईंदर पश्चिमेच्या एका हॉलमध्ये लागलं. मला आमंत्रण होतं. आईंनी सगळ्यांना माझी ओळख "मुलीची पहिली आत्या" अशी करून दिली. खऱ्या आत्याबाईंना ते आवडलं नाही.

ऑफिसचं वेगळंच झालं. त्या रविवारनंतर आम्ही पद्धत बदलली. काम करता का, हा प्रश्न आधी विचारणं सोडलं. काल काय केलं, परवा काय केलं, असं विचारायला लागलो, आणि बाईचं उत्तर बाईकडूनच घ्यायला लागलो. भाईंदरचे कागद पुन्हा भरले. बेकार पुरुष सापडले. "बिझनेस"वाला सापडला, शेअर बाजारवाला सापडला. पण त्यांच्याहून जास्त काम करणाऱ्या बायका सापडल्या.

गठ्ठा वरच्या ऑफिसात गेला आणि तिथून पत्र आलं. सदर भागात एवढ्या स्त्रिया एकाएकी कामाला कशा लागल्या, याचा खुलासा करावा.

मी मसुदा लिहिला. काम एकाएकी वाढलेलं नाही, आधी त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पेंडसे साहेबांनी ते दोनदा वाचलं, माझी ओळ काटली आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलं, "माहिती संकलनाच्या पद्धतीत सुधारणा केल्यामुळे." मग माझा कायम होण्याचा कागद काढून त्यावर सही केली आणि म्हणाले, सरकारला उत्तर द्यायचं तर असं द्यायचं. माहिती पूर्ण असावी, पण कोणाला वाचताना लाज वाटू नये.